एकच गोळी, दोन काका

मालवणच्या घरी रात्रीची जेवणं आटपली की थोरले काका खळ्यात येऊन बसतात आणि डबीतून एक छोटी पांढरी गोळी काढतात. अ‍ॅस्पिरिन, 75 मिलिग्रॅम. तीन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला, बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला. परवा धाकटे काका म्हणाले, "दादा, ती रक्त पातळ करूची गोळी माका पण दी. आधीच घेतलेली बरी." त्यांना साखर आहे, हृदयाचं मात्र काही नाही.

दुसरा झटका टाळणं आणि पहिला टाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, गोळी एकच असली तरी.

खरं तर या गोळीनं रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, इतकंच. धमनीतल्या चरबीच्या थराला भेग पडली की तिथे त्या गोळा होतात आणि गुठळी होते. ज्याच्या धमनीत एकदा अशी भेग पडली आहे, त्याला चिकटपणा कमी झालेला हवाच. पण पोटात आतून ओरखडा निघाला तर रक्त थांबवायलाही हाच चिकटपणा लागतो.

1988 साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-2 चाचणीत अटॅकच्या संशयानं दाखल झालेले 17,187 रुग्ण होते. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं अ‍ॅस्पिरिनवाले 9.4 टक्के दगावले, नुसती खोटी गोळी घेणारे 11.8 टक्के. दर हजारी 24 जीव वाचले, तेही इतक्या स्वस्त गोळीनं! (संशोधकांनी गमतीनं राशींप्रमाणेही हिशेब मांडला. मिथुन आणि तूळवाल्यांना फायदा दिसेना. आकडे फार बारीक चिरले की काहीही निघतं, हे दाखवायला. आपल्याकडे कोणी पंचांग उघडलं असतं.)

आता धाकटे काका. त्यांच्यासारख्यांवरची, म्हणजे मधुमेह आहे पण हृदयविकार नाही अशा 15,480 जणांवरची असेंड चाचणी 2018 मध्ये आली. सरासरी साडेसात वर्षांच्या आसपास पाहिलं. अटॅक, लकवा वगैरे गंभीर घटना 9.6 वरून 8.5 टक्क्यांवर आल्या, आणि मोठा रक्तस्राव 3.2 वरून 4.1 वर गेला. हजारात अकरा सुटले, नऊ अडकले. त्याच वर्षीच्या अ‍ॅस्प्री चाचणीत 19,114 धडधाकट वयस्कर होते. तिथे हृदयाला ठळक फायदा दिसलाच नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

या बातम्या फोनवर फिरल्या की उलटी चूक होते: स्टेंटवालाच गोळी सोडतो. दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नये; स्टेंटमध्ये गुठळी झाली तर रात्री इथून बांबोळी जवळ नाही.

पहिला झटका टाळायला बीपी, कोलेस्टेरॉल, साखर आणि तंबाखू यांच्याकडे पाहणं जास्त कामाचं, हे मी सांगायच्या आत थोरल्यांनी डबी मिटली.

"बीपी कधी मोजलंस रे?"

"चतुर्थीक," धाकटे म्हणाले. कुठल्या वर्षीच्या, ते सांगितलं नाही.