बनावट विमानतळ (ब्रिटन, दुसरं महायुद्ध)

शत्रूने खऱ्या विमानतळावर टाकायचे बॉम्ब दुसरीकडे टाकावेत म्हणून काही मैलांवर शेतात किंवा माळावर उभा केलेला खोटा विमानतळ. सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जातात, कारण १९१८ च्या सुमारास फ्रेंचांनी पॅरिसबाहेर दिव्यांचं खोटं पॅरिस उभारायला घेतलं होतं, पण ते पूर्ण व्हायच्या आतच युद्ध संपलं आणि मुळात तो शहराचा देखावा होता, विमानतळाचा नाही, त्यामुळे एका खात्याने ठरवून देशभर राबवलेली पद्धत म्हणून बघायचं तर ब्रिटनमधलं १९३९ च्या अखेरीपासूनचं कामच सुरुवात मानणं जास्त पटतं. हवाई मंत्रालयाने ते कर्नल जॉन टर्नर या निवृत्त इंजिनिअर अधिकाऱ्याकडे सोपवलं. गुप्तता इतकी की ऑफिसचं नावही नुसतं 'कर्नल टर्नर यांचं डिपार्टमेंट'. लाकूड आणि कॅनव्हासची बरीच विमानं शेपर्टनच्या साउंड सिटी फिल्म स्टुडिओत बनली.

दिवसाच्या जागांना 'के' म्हणायचे. तिथे खोटी विमानं मांडलेली असायची आणि ती हलवायला माणसं लागायची. दिवसाचे हल्ले कमी झाल्यावर त्या लवकरच बंद पडल्या. रात्रीच्या 'क्यू' जागा जास्त टिकल्या. तिथे विमान नाही की धावपट्टी नाही, फक्त शेतात रोवलेल्या दिव्यांच्या रांगा, धावणाऱ्या विमानाचा भास देणारा एखादा हेडलाइट, आणि बाजूला विटा-काँक्रीटचा, वरून माती टाकलेला बंकर, ज्यात एका खोलीत जनरेटर आणि दुसरीत स्विच घेऊन बसलेले दोन-तीन जवान. विमानाचा आवाज जवळ आला की दिवे मालवायचे, पण मुद्दाम जरा उशिरा, म्हणजे वरच्याला वाटावं की खालचे घाबरले. आपलाच पायलट फसून उतरू नये म्हणून लाल दिव्यांची खूण असायची, तरी फसगत व्हायचीच.

आसपासच्या गावांच्या बाजूने बघितलं तर या युक्तीचं यश म्हणजेच त्यांच्या शिवारात बॉम्ब. जागा वस्तीपासून लांब निवडायचा प्रयत्न असायचा, पण सुटी घरं, गोठे, मेंढ्या त्याच पट्ट्यात. रात्री उजेडबंदी (ब्लॅकआउट) असल्याने घरात पडद्याच्या फटीतून उजेड दिसला तरी दंड व्हायचा आणि पलीकडच्या शेतात मात्र रात्रभर दिवे, ते का हे सांगायची सोय नाही. युद्धकाळच्या नियमांखाली जमीन ताब्यात घेता यायची, त्यामुळे शेतकऱ्याला नाही म्हणायला फारशी जागा नव्हती.

नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेंट्रीवर हल्ला झाला आणि त्यानंतर मोकळ्या जागी आग लावून शहरच जळतंय असं भासवणाऱ्या 'स्टारफिश' जागा आल्या. ब्रिस्टलसाठीची मेंडिप टेकड्यांवर ब्लॅक डाऊनला होती, तिचा बंकर अजून उभा आहे. एप्रिल १९४१ मध्ये पोर्ट्समथसाठीचे बॉम्ब हेलिंग बेटाकडे वळले. शहर वाचलं, पण बेटावरच्या सिना तोफखान्यातले सहा जवान गेले.