चट्टा लहान म्हणजे सोरायसिस सौम्य?

‘अंगावर दोनच चट्टे आहेत, म्हणजे काही विशेष नाही.’ सोरायसिस या त्वचेच्या आजाराबद्दलचा हा समज जुना आहे आणि अर्धवट आहे.

डॉक्टर आजार मोजतात तो बहुतेकदा पासी या मापाने. ते १९७८ पासून वापरात आहे. लाली, जाडी, कोंडा आणि व्यापलेली त्वचा यांवरून ० ते ७२ गुण. यात खाज नाही, नखं नाहीत, रात्रीची मोडलेली झोपही नाही. शिवाय सावळ्या कातडीवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, त्यामुळे कमी मोजली जाते.

आता एखाद्याच्या फक्त डोक्यात आणि जांघेत सोरायसिस आहे असं धरा. रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे साधारण १ टक्का त्वचा. त्या हिशेबाने व्यापलेली त्वचा थोडीच भरते आणि हा आजार नगण्य ठरतो. पण तो माणूस काळा शर्ट घालायचं सोडतो, लग्नाला जायचं टाळतो. हे फक्त त्यालाच विचारून कळतं. त्यासाठी १९९४ पासून डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती गेल्या आठवड्याबद्दल विचारते. जास्तीत जास्त गुण ३०, आणि १० च्या वर गेले की आजाराचा जगण्यावरचा परिणाम मोठा मानतात.

त्वचेच्या या आजारात संधिवाततज्ज्ञाने का पडावं? कारण सोरायसिसचा संधिवात थोड्या चट्ट्यांवरही होतो. उलट डोकं, नखं आणि नितंबांमधली घडी इथे सोरायसिस असेल तर त्याचा धोका जास्त दिसतो. या संधिवातासाठीच्या पीएसएआयडी प्रश्नावलीत वेदना, थकवा यांच्या जोडीला त्वचेचा, खाजेचाही प्रश्न आहे. सांधे दाखवायला गेलात तरी खाजेबद्दल बोला.