नोंद कोणत्या खात्यात? तुमच्या एआय सहायकासाठी ‘खातेशोध’

आमच्या जमाखर्च अ‍ॅपला तुमच्यापैकी अनेकांनी एआय सहायक जोडला आहे. बँकेचे स्टेटमेंट हाती दिले की तो एकेक ओळ वाचून नोंदी करतो. मोठे काम वाचते, पण खात्यांची नावे त्याने मनाने ठेवायला सुरुवात केली की घोळ होतो. एका महिन्यात ‘किराणा’, पुढच्या महिन्यात ‘ग्रोसरी’, मग कधीतरी ‘घरसामान’. वर्षाच्या शेवटी किराण्यावर किती गेले, एवढ्या साध्या प्रश्नाला तीन ठिकाणची बेरीज करावी लागते. हे थांबावे म्हणून ‘खातेशोध’ ही आमची सेवा आहे. सहायकाने नोंद टाकण्याआधी इथे विचारायचे, आणि जे खाते मिळेल तेच वापरायचे.

विचारायचे काय, मिळते काय

सहायक व्यवहाराचा तपशील पाठवतो, रक्कम बँक खात्यातून गेली (‘नावे’) की त्यात आली (‘जमा’) ते सांगतो आणि स्टेटमेंटमध्ये असेल तर दुकानाचा एमसीसी कोडही, म्हणजे दुकान कोणत्या प्रकारचे आहे ते सांगणारा क्रमांकही देतो. उत्तर असे येते:

तपशील: ‘मेडिकल, यूपीआय, नावे’
खाते: औषधे
वरचे खाते: आरोग्य
खाते क्रमांक: ३१२
खात्री: बहुधा

यातला क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही उद्या ‘किराणा’चे नाव बदलून ‘वाणसामान’ केलेत तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे मागच्या नोंदी जागच्या जागी राहतात. एखादे खाते बंद केलेत तर त्याचा क्रमांक आम्ही दुसऱ्या खात्याला देत नाही. म्हणून सहायकाने नोंदीत नाव नव्हे, क्रमांक लिहावा.

खात्री तीन शब्दांत मिळते: पक्की, बहुधा, संदिग्ध. टक्केवारी आम्ही मुद्दाम देत नाही. ‘संदिग्ध’ आले म्हणजे सहायकाने तुम्हाला विचारायचे, आणि तुमचे उत्तर येईपर्यंत रक्कम उचंत खात्यात, म्हणजे निर्णय न झालेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यात ठेवायची. उचंतमध्ये चार नोंदी पडून राहिल्या तरी चालतील. चुकीच्या खात्यात गेलेली नोंद मात्र पुन्हा सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही.

एमसीसीवर सगळा भार का टाकत नाही

कार्ड आणि व्यापारी यूपीआय व्यवहारांत दुकानाचा चार अंकी कोड असतो. तो आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतो. ५४११ म्हणजे किराणा व सुपरमार्केट, ५८१२ म्हणजे उपाहारगृह, ५९१२ म्हणजे औषधाचे दुकान. उपयोगी आहे, पण तो कोड दुकानाचा असतो, तुमच्या पिशवीतल्या मालाचा नाही. सुपरमार्केटमधून तुम्ही डाळ-तांदळाबरोबर कुकर आणि मुलाचा टी-शर्ट घेतलात तरी कोड ५४११च राहणार. मेडिकलमध्ये औषधांसोबत साबण आणि डायपरही घेतले जातात. वरच्या उदाहरणात ‘पक्की’ न येता ‘बहुधा’ आले ते याचमुळे.

शिवाय व्यक्तीकडून व्यक्तीला गेलेल्या यूपीआय व्यवहारात कोडच्या जागी ०००० येतो. भाजीवाल्याने क्यूआर स्वतःच्या साध्या खात्याचा लावला असेल, तर भाजी, मित्राला परत केलेले उसने पैसे आणि कामवाल्या मावशींचा पगार, तिन्ही ओळी सहायकाला एकसारख्या दिसतात. तिथे तुम्ही पैसे पाठवताना लिहिलेली टीप हाच एक धागा उरतो. ‘भाजी’ एवढे दोन अक्षरी लिहिलेत तरी पुरते.

जो खर्चच नाही, तो खर्चात नको

आमच्या मते हे खातेशोधचे खरे काम आहे. क्रेडिट कार्डाचे बिल भरलेत ती ओळ खर्चाची नाही. खर्च कार्डावर आधीच नोंदला गेला आहे. दोन्ही धरले की तोच पैसा दोनदा खर्च झाल्यासारखा दिसतो. एसआयपीचा हप्ता नॅचने, म्हणजे बँकेतून आपोआप हप्ते कापणाऱ्या यंत्रणेने कापला जातो, पण तो गुंतवणुकीत जातो. पगाराच्या खात्यातून बचत खात्यात वळवलेली रक्कम घरातच राहते. भिशीचा हप्ताही तसाच, नंबर लागला की रक्कम परत येते. अशा ओळींना खातेशोध ‘हस्तांतर’, ‘गुंतवणूक’ किंवा ‘येणे’ गटातले खाते देतो.

गृहकर्जाचा हप्ता मात्र दोन खात्यांत फोडावा लागतो. व्याज हा खर्च, मुद्दल म्हणजे कर्जफेड. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना दोन्हींची वजावटही वेगवेगळी मिळते. स्टेटमेंटमध्ये हप्ता एकरकमी दिसतो, म्हणून सहायकाला बँकेचे परतफेडीचे वेळापत्रक एकदा द्या. शाळेच्या पावतीचेही तेच आहे: वजावटीत शिक्षण शुल्क धरले जाते, स्कूल व्हॅन नाही. आमच्याकडे ती दोन वेगळी खाती आहेत.

तुमची माहिती

शोधासाठी रक्कम लागत नाही, तुमच्या बँक खात्याचा क्रमांकही लागत नाही. यूपीआय आयडीत बऱ्याचदा मोबाइल नंबरच असतो. तो आम्हाला नको आहे. सहायकाकडून चुकून आलाच तर तो गाळूनच शोध होतो. खातेशोधला तुमच्या नोंदी बदलता येत नाहीत, तो फक्त उत्तर देतो.

जोडायचे कसे

तुमचा सहायक एमसीपी या २०२४ पासून खुल्या असलेल्या पद्धतीने साधने जोडू शकत असेल, तर अ‍ॅपच्या ‘जोडण्या’ पानावरचा पत्ता त्यात टाका. मग त्याच्या कायमच्या सूचनांमध्ये हे तीन वाक्यांचे टिपण जसेच्या तसे घाला:

‘प्रत्येक नोंदीआधी खातेशोधला विचार. मिळालेला खाते क्रमांकच वापर, नवे खाते स्वतः उघडू नकोस. खात्री संदिग्ध असेल तर रक्कम उचंतमध्ये ठेव आणि मला विचार.’

एखाद्या दुकानाला सतत चुकीचे खाते मिळत असेल, तर ती नोंद उघडून ‘खाते बदला’ करा. त्यानंतर तुमच्यापुरते ते दुकान त्याच खात्यात जाईल. इतर ग्राहकांच्या खात्यांवर त्याचा परिणाम होत नाही.