गूळ मातीला, निंबोळी पानाला

कोल्हापुरात गच्चीवर भाजी लावणाऱ्याला गूळ आणि शेण शोधत फिरावं लागत नाही. गुऱ्हाळावरचा काळा, नरम पडलेला गूळ स्वस्तात मिळतो, आणि बागेला तोच चालतो. जीवामृतासाठी दहा लिटर पाण्याच्या बादलीला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती घ्यायची. बादली सावलीत ठेवायची, वर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी ते तयार होतं. दहापट पाणी घालून ते मुळाशी द्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं.

याला आपण खत म्हणतो, तिथंच गल्लत होते. बेसनात प्रथिनं साधारण पाचवा हिस्सा असतात आणि प्रथिनांत नायट्रोजन सहावा हिस्सा. म्हणजे शंभर ग्रॅम बेसनातून जेमतेम साडेतीन ग्रॅम नायट्रोजन मिळतो. शेण-गोमूत्राचा धरला तरी एवढ्यावर वांगी-टोमॅटो पोसत नाहीत. जीवामृत हे विरजण आहे. शेणातल्या आणि मातीतल्या जिवाणूंना गुळातून ऊर्जा मिळते, बेसनातून नायट्रोजन, आणि त्यांची संख्या झपाट्यानं वाढते. ढवळायचं ते हवेसाठी. हवा कमी पडली की हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि बादलीला कुजका वास सुटतो.

विरजण लावायला दूध हवं. ते दूध म्हणजे कंपोस्ट आणि पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. पाचट शिवारात ढिगानं पडलेलं असतं, तरी ते पेटवून देतात याचं मला फार वाईट वाटतं. मात्र ते थेट मातीत मिसळू नका. मी एकदा मिसळलं आणि पंधरवड्यात वांग्याची पानं पिवळी पडली. पाचटात नायट्रोजनच्या मानानं कार्बन फार जास्त असतो. तो कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणून पाचट वर अंथरावं, नाहीतर भाजीच्या ओल्या कचऱ्यात मिसळून आधी कुजवावं.

किडींसाठी निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांच्या बियांतल्या मगजाची पन्नास ग्रॅम भरड कापडात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी पोटली पिळायची आणि अर्क एक लिटर करायचा. फवारताना साबणाचा चिमूटभर चुरा घालायचा, म्हणजे थेंब पानावर पसरतो.

निंबोळीतलं मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन. ते 1968 मध्ये वेगळं केलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा, की त्याची पक्की रचना 1985 मध्ये उलगडली आणि प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा घडवायला 2007 उजाडलं. आपल्या दारातलं झाड तो दरवर्षी बनवतं, हे मला आजही नवल वाटतं. अळी वाढताना अनेकदा कात टाकते आणि ते तिच्या शरीरातल्या एका संप्रेरकावर अवलंबून असतं. ॲझाडिरॅक्टिन त्याच संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतं. अळीची कात अडते, वाढ थांबते. शिवाय पान कडू लागल्यानं ती खाणंही कमी करते. म्हणून फवारल्यावर तासाभरात मेलेल्या अळ्या शोधू नयेत. पान नव्यानं कुरतडलेलं दिसतंय का, ते तीन-चार दिवसांनी पाहावं. मिरचीवरचा मावा रस शोषतो. त्याच्यावर साबणाच्या पाण्याचाही परिणाम होतो, कारण त्याच्या मऊ अंगावरचा मेणचट थर साबण काढतो. त्या मिरचीवर ठिपक्यांचे ढालकिडे दिसले, तर फवारा थांबवा. ढालकिडा आणि त्याची काळसर अळी दोघंही मावा खातात.

उन्हात ॲझाडिरॅक्टिन काही दिवसांतच विरून जातं, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि अर्क रोज ताजा करावा. आपल्याकडच्या जुलैच्या झडीत तर फवारलेलं तासाभरात धुऊन जातं. तेव्हा फवारणीपेक्षा निंबोळ्या वेचणं बरं. जूनपासून झाडाखाली पिवळा सडा पडतो. गर धुऊन बिया सावलीत खडखडीत वाळवायच्या आणि कापडी पिशवीत टांगून ठेवायच्या. प्लास्टिकमध्ये त्यांना बुरशी येते.