जुने व्हिडिओ गेम आणि ‘विकले’ या शब्दाचा घोळ

इंदूरच्या मराठी घरांत माळ्यावर पडलेली व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट बहुधा जेल रोडवरून आणलेली असते. ती जपानी यंत्राच्या नकलेची, ६० पिनांची. लाखांचे आकडे ज्यांच्या नावावर फिरतात त्या कॅसेटी अमेरिकी, ७२ पिनांच्या. एकीचा भाव दुसरीला लागू नाही.

आता अमेरिकी कॅसेटींचा तरी भाव खरा का? १९९५ मध्ये तिकडे ईबे हे लिलाव-संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढे भाव काढायचा म्हणजे तिथली ‘विकले’ची यादी बघायची, अशी रीत पडली. घोळ याच शब्दात आहे. विक्रेत्याने घासाघीस करून कमी पैशांत माल दिला, तर यादीत मागितलेली रक्कम खोडलेली दिसते, मिळालेली दिसत नाही. बोली जिंकून पैसे बुडवणाऱ्याचा सौदाही ‘विकले’ म्हणून तिथे राहू शकतो. विक्रेत्याच्याच मित्राने बोली चढवली असेल, तर बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. शिवाय ९० दिवसांनी जुन्या नोंदी यादीतून दिसेनाशा होतात. भाव सांगणारी संकेतस्थळे मात्र याच यादीवरून लूज (म्हणजे नुसती कॅसेट), डब्यासकट, सीलबंद असे रकाने भरतात. खेळ दुर्मीळ असेल तर दोन हौशी माणसांची एका रात्रीची चुरस हाच ‘बाजारभाव’. सोयातेलाचा वायदा पाहिलेल्या इंदुरी माणसाला वायद्याचा आणि हाजर (आत्ता हातात मिळणाऱ्या) मालाचा भाव निराळा, हे शिकवावे लागत नाही. इथे सगळेच एका रकान्यात.

सीलबंद डब्यांना दर्जाचे गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करण्याची पद्धत रुळली, तेव्हा आकडे उधळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा एक डबा १,००,१५० डॉलरना गेला. तो लिलाव नव्हताच, खाजगी सौदा होता, आणि घेणाऱ्यांत एका लिलावगृहाचा संस्थापकही होता. तरी तोच आकडा मापदंड झाला. जुलै २०२१ मध्ये ‘झेल्डा’ ८,७०,००० डॉलर, दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ १५.६ लाख डॉलर. या रकमांत गिऱ्हाइकाकडून वर घेतलेली दलालीही धरलेली होती. पुढच्याच महिन्यात मालकीचे शेअरसारखे तुकडे करून विकलेल्या एका डब्याला २० लाख डॉलरचा देकार आला.

२०२२ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांनी गुण देणाऱ्या कंपनीवर भाव फुगवल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप फेटाळले. आमच्या मते, दाव्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त बोलकी आहे. कोणत्या गुणांचे किती डबे आहेत, हे सुरुवातीची वर्षे जाहीरच केले जात नव्हते. साठा झाकून बोली मागणारा आपल्या सराफ्यात दुसऱ्या दिवशी दुकान उघडू शकला नसता. ती मोजदाद नंतर प्रसिद्ध झाली, पण विक्रमी बोल्या लागून गेल्यावर.