गिरणगावच्या घरांतले जुने फोटो: खराबी कुठून आली?

ताडदेवला १८५६ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि कोकण-घाटावरून माणसं येत राहिली. ती राहिली चाळींत. १९२०च्या दशकातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. स्टोव्ह, मोरी, देव्हारा आणि भिंतीवरचे फोटो, सगळं तेवढ्यातच. आज दुरुस्तीला येणाऱ्या फोटोंची बहुतेक दुखणी त्या खोलीतली आहेत.

कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची, जिलेटिनच्या थरात धरलेली. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की जिलेटिनवर बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने त्याहून जास्त असते. फ्रेम करताना काच आणि फोटो यांत फट ठेवली नसेल, तर फुगलेलं जिलेटिन काचेला चिकटतं. असा फोटो कधीही ओढू नये, चेहराच काचेवर राहतो. काचेसकट ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने टिपावा. मागचा पुठ्ठा आम्लधर्मी असल्याने कागद तपकिरी, ठिसूळ होतो. खळ लावलेली असेल तर कसर लागते.

पिवळटपणा मात्र नेहमी खोलीचा नसतो. स्टुडिओत हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेला नसेल, तर उरलेलं गंधक चांदीला खातं. कडेच्या काळ्या भागावर निळसर चकाकी दिसली, तर चांदी पृष्ठभागावर आली आहे असं समजावं. ती पुसू नये. दिव्याचा कोन बदलून टिपली की बरीच कमी होते. हाताने रंगवलेल्या फोटोला ओला कापूस लावणं म्हणजे साडीचा रंग घालवणं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कित्येक कुटुंबं गावी परतली. भिंतीवरून उतरलेले फोटो ट्रंकेत गेले, दुमडले, मग चिकटपट्टीने सांधले गेले. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून डाग पाडतो. ती घरी उपटू नये. आधी स्कॅन: ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके), १६ बिट (छटा जास्त बारकाईने नोंदणारं), टिफ प्रकारची फाइल, पासपोर्ट आकाराला १२०० डीपीआय. मूळ स्कॅन न बदलता ठेवून दुरुस्ती प्रतीवरच करावी. संगणकाने नवा चेहरा घडवून बसवणं आम्हाला मान्य नाही. आजोबांच्या जागी भलताच माणूस येतो.

मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पत्ता, पेन्सिलीतली तारीख तिथेच असते, आणि नवा पुठ्ठा चिकटवला की ती कायमची झाकली जाते.