किशोर-मार्गदर्शन कार्यक्रम

शहरांतील दाट वस्त्यांत वाढणाऱ्या आणि शाळा सुटणे, व्यसन, टोळीची संगत किंवा पोलिसांत नोंद होणे यांपैकी कशाच्या तरी उंबरठ्यावर असलेल्या, साधारणतः १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलग्यांशी नात्याबाहेरच्या एखाद्या जबाबदार प्रौढाचा नियमित व दीर्घकाळ संबंध जोडून देणारी योजना. शिकवणी, खेळ, समुपदेशन, कामधंद्याचे शिक्षण ही तिची अंगे असू शकतात. ठरावीक माणसाने ठरावीक मुलासाठी आपला वेळ राखून ठेवणे हे मात्र तिचे व्यवच्छेदक लक्षण होय.

उगम : आजच्या स्वरूपातील कार्यक्रम अमेरिकेत सुरू झाले याविषयी दुमत नाही; मान कोणत्या शहराचा याविषयी आहे. रूढ मत न्यूयॉर्कच्या बाजूचे आहे. तेथील बालन्यायालयाचे लिपिक अर्नेस्ट कूल्टर यांनी डिसेंबर १९०४ मध्ये एका चर्चच्या पुरुष मंडळापुढे न्यायालयात येणाऱ्या मुलांची स्थिती मांडली, तेव्हा सभेतील ४० जणांनी प्रत्येकी एका मुलाचा थोरला भाऊ होण्याचे पत्करले आणि त्यातून ‘बिग ब्रदर्स’ चळवळ उभी राहिली. सिनसिनाटीचे व्यापारी इर्विन वेस्टहायमर यांनी १९०३ मध्येच कचऱ्यात अन्न शोधणाऱ्या एका मुलाला आधार देऊन आपल्या मित्रांनाही तसे करावयास लावले, असा दुसरा पक्ष आहे. परंतु त्या शहरातील रीतसर संघटना काही वर्षांनंतरची असल्याने, संघटित कार्याचा आरंभ म्हणून १९०४ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या दोन्ही दाव्यांपेक्षा महत्त्वाची बाब अशी की, चळवळीची मुळे न्यायालयात होती. बॉस्टनचे चर्मकार जॉन ऑगस्टस यांनी १८४१ पासून आरोपींना, पुढे मुलांनाही, स्वतःच्या हमीवर सोडवून घेण्यास सुरुवात केली होती आणि १८९९ मध्ये शिकागो येथे स्वतंत्र बालन्यायालय स्थापन झाले होते. शिक्षेऐवजी देखरेख हा विचार रुजल्यावर, ती देखरेख प्रत्यक्षात कोणी करावयाची या प्रश्नातून स्वयंसेवक पुढे आला.

परिणामांचा अभ्यास : या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद प्रयोग अपयशाचा आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज व सॉमरव्हिल या शहरांत १९३९ ते १९४५ या काळात एकूण ५०६ मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास समुपदेशक, घरभेटी, शिकवणी व उन्हाळी शिबिरे यांचा लाभ देण्यात आला. जोन मकॉर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात असे आढळले की, मोठी झालेली ही मुले कार्यक्रमाची आठवण आपुलकीने काढीत असली, तरी मद्यासक्ती, मानसिक आजार, अकाली मृत्यू यांसारख्या निकषांवर त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. बिघडण्याच्या वाटेवरील मुले शिबिरांत एकत्र आणल्याने ती परस्परांच्या नादाला लागली, हे पुढे सुचवले गेलेले स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

याउलट १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ अमेरिकी शहरांतील १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींच्या अभ्यासात, दीड वर्षानंतर, प्रौढ सोबती मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थांना सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि मद्याला सुरुवात करण्याचे २७ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच माहितीच्या २००२ मधील फेरविश्लेषणाने वर्षभर वा अधिक टिकलेल्या जोड्यांतच लाभ ठळक असल्याचे दाखवले. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मसन्मान उलट खालावला होता. घरातील एक मोठा माणूस गमावलेल्या मुलाला दुसऱ्यानेही सोडून जाणे ही इजाच असते, आणि उत्साहाने योजना सुरू करणाऱ्यांनी हा निष्कर्ष सर्वप्रथम वाचावयास हवा.

शिकागो येथील ‘बिकमिंग अ मॅन’ हा कार्यक्रम शाळेतच आठवड्याला गटबैठक घेतो. त्यातील एक परिचित खेळ असा : एका मुलाच्या मुठीत चेंडू असतो आणि तो मिळवण्यासाठी जोडीदाराला अर्धा मिनिट दिले जाते. बहुतेक मुले झटापट करतात. नंतर मार्गदर्शक विचारतो की, चेंडू नुसता मागून का पाहिला नाही. या कार्यक्रमाच्या पहिल्या मोठ्या चाचणीत (२००९-१०, २,७४० मुलगे) कार्यक्रमाच्या काळातील हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या, कार्यक्रम संपल्यावर मात्र हा परिणाम तितकासा टिकला नाही.

सातारा-सांगली परिसर : येथे या प्रकारचे नाते जुने असून त्याचे स्थान पेठेतील तालीम हे होय. तालमींची परंपरा समर्थ रामदासांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत विखुरलेले अकरा मारुती सतराव्या शतकाच्या मध्यातील मानले जातात. तथापि प्रत्येक मारुतीपाशी तेव्हापासून तालीम होती असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल, आणि आजच्या तालमींची घडण संस्थानी काळातील राजाश्रयाशी जोडणेच इष्ट वाटते. पहाटे हौदातील माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करण्याचे काम नवख्या पोरांकडे असते. कोण उशिरा आला, कोणाच्या तोंडाला मावा-गुटख्याचा वास आहे, कोण चार दिवस फिरकलाच नाही, हे वस्तादांना मातीवरच कळते. ‘पोरगं हाताबाहेर चाललंय’ म्हणून बाप त्यांच्याकडेच येतो. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९५२, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक) आणि सांगलीजवळील कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने हे याच मातीतले. परंतु खुराकाचा खर्च न झेपणारा आणि अंगाने किरकोळ मुलगा तालमीत मागे पडतो, ही या परंपरेची खरी उणीव आहे.

दुसरा प्रवाह वसतिगृहाचा. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांनी १९१० च्या सुमारास दुधगाव (जि. सांगली) येथील प्रयत्नांत भाग घेतला, १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील सर्व जातींच्या मुलांच्या एकत्र वसतिगृहास महात्मा गांधींनी १९२७ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. ही मुले प्रामुख्याने खेड्यांतील होती, म्हणून त्यांची तुलना शहरी वस्तीतील मुलांशी सरसकट करता येत नाही. मात्र मुलांनी स्वतः राबून शिकावे आणि भाऊरावांनी (अण्णांनी) व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणाखाण्याची चिंता घरच्यासारखी वाहावी, ही रचना कार्यक्रमाच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाते.

कायदेशीर चौकट : मुंबई इलाख्यात १९२४ चा बालक अधिनियम होता; आता बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू आहे. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मंडळ मुलास समुपदेशन, समाजसेवा किंवा परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख यांचा आदेश देऊ शकते. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलास अनुरक्षण सेवा (बाहेर पडल्यानंतरचे साहाय्य) २१ व्या, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत मिळू शकते.